आजार कुठून येतो: घराण्यातून, सवयीतून की गावातून?

विदर्भातल्या गावांमध्ये गेली काही वर्षं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी जोरात चालू आहे. अंगणवाडीत, शाळेत, आश्रमशाळेत मुलांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि पुढे कधीतरी घरी कार्ड येतं. कार्डावर दोन अक्षरं असतात: एए, एएस किंवा एसएस. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. मोहीम मोठी आहे, गरजेची आहे. पण कार्ड हातात पडल्यावर आईबापाच्या मनात जे येतं, त्याचं उत्तर कार्डावर नसतं. "आमच्या घरात तर कोणालेच नव्हतं जी, मंग ह्या पोरालेच कसं?"

हाच प्रश्न दवाखान्याच्या बाकावर वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो. बापाला शुगर होती, आता मलाही होणारच का? तंबाखूला कधी हात लावला नाही, तरी किडनी कशी गेली? एका गावातल्या पोरांचे दात पांढरेशुभ्र आणि नाल्यापलीकडच्या गावातल्या पोरांचे पिवळे-तपकिरी, असं का?

या सगळ्यांच्या मुळाशी तीन गोष्टी आहेत: आईबापाकडून रक्तात काय आलं, माणूस कसा जगतो आणि तो कुठे राहतो. पहिल्या दोन गोष्टींवर आपण भरपूर बोलतो. घराण्याला दोष देतो, नाहीतर माणसाच्या सवयींना. तिसरी गोष्ट, म्हणजे माणसाचं गाव, त्याचं पाणी, त्याचा रस्ता, त्याचं काम, ही मात्र कोणी विचारत नाही. विदर्भाच्या खेड्यापाड्यात आजाराचं पारडं बहुतेक वेळा या तिसऱ्या गोष्टीमुळेच झुकतं, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे पायरीपायरीने पाहू.

आधी रक्तातलं

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब रेणू असतो. शरीराला लागणारं एखादं प्रथिन कसं बनवायचं, हे त्याच्या ज्या तुकड्यावरून ठरतं त्या तुकड्याला जनुक म्हणतात. माणसात अशी साधारण २० हजार जनुकं आहेत. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून.

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे असतो. ते फुफ्फुसातला ऑक्सिजन घेऊन अंगभर पोचवतं. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी अगदी छोटा बदल झाला की वेगळं हिमोग्लोबिन तयार होतं. त्याला 'एस' म्हणतात, नेहमीच्याला 'ए'. एसमधला ऑक्सिजन निघून गेला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडं, सांधे, पोट असह्य दुखायला लागतं. शिवाय साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात.

आता कार्ड वाचता येईल. एए म्हणजे दोन्ही प्रती साध्या. एएस म्हणजे एक प्रत साधी, एक सिकलची. असा माणूस वाहक असतो, आजारी नसतो. तो शेती करतो, खेळतो, म्हातारा होतो, त्याला बहुधा कळतही नाही. एसएस म्हणजे दोन्ही प्रती सिकलच्या, आणि हाच आजार. 'आमच्या घरात कोणालाच नव्हतं' या आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आई एएस, बाप एएस, दोघंही ठणठणीत. पिढ्यान् पिढ्या ते जनुक घरात होतं आणि कोणाला त्रास देत नव्हतं. दोघांकडची सिकलची प्रत एकाच लेकरात आली तेव्हा ते दिसलं. यात आईचा दोष नाही, बापाचा नाही, आणि कोणाच्या नजरेचा तर नाहीच नाही. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही.

हे जनुक इथेच इतकं का?

गोंड, माडिया, परधान या समाजांत आणि विदर्भातल्या काही अनुसूचित जातींत व इतर मागास समाजांत हे जनुक जास्त सापडतं. त्यावरून कुजबुज होते, जातीला नावं ठेवली जातात. खरं कारण मात्र जंगलातल्या डासात आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन या डॉक्टरने आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिलं की ज्यांच्याकडे सिकलची एकच प्रत असते, त्यांना मलेरिया जिवावर बेतेल इतका सहसा होत नाही. मलेरियाच्या रानात हजारो वर्षं राहिलेल्या लोकांमध्ये एएस मुलं वाचली, वाढली, त्यांना मुलं झाली. आणि ते जनुक टिकलं. भारतात ते पहिल्यांदा १९५२ साली नीलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये नोंदलं गेलं.

म्हणजे ज्याला आपण निव्वळ रक्तातला आजार म्हणतो, तो मुळात एका ठिकाणाने घडवला आहे. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आजही आहे. ज्या जनुकाने तिथल्या पूर्वजांना वाचवलं, त्याच्याच दोन प्रती एकत्र आल्या की लेकरू आजारी पडतं.

मलेरियाच्या मुलखात टिकलेलं आणखी एक जनुक आहे, जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर (एन्झाइम) कमी करणारं. ते असलेल्या माणसाला एरवी काही होत नाही. पण व्हायवॅक्स मलेरियावर १४ दिवस देतात त्या प्रायमाक्विनच्या गोळीने त्याच्या लाल पेशी फुटू शकतात. गोळ्या चालू असताना लघवी काळपट-लालसर झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा, हे त्या भागातल्या प्रत्येक घराला माहीत हवं.

दोघांनाही एसएस, तरी एक शाळेत आणि एक खाटेवर

समजा, एसएस असलेली दोन मुलं आहेत, दोघांचं वय १०. एक नागपुरात राहतं, दुसरं चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात पहाडावरच्या गुड्यावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर. दोघांच्या जनुकात तोच बदल आहे.

सिकलच्या पेशी वाकड्या कधी होतात? अंगातलं पाणी कमी झालं की, ताप आला की, फार थकवा आला की, एकदम थंडी वाजली की. नागपूरच्या मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली आहे. खेळाच्या तासाला त्याला दमेपर्यंत पळवायचं नाही, हे बाईंना माहीत आहे. ताप आला की तासाभरात डॉक्टर. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज चालू आहे आणि ती घेताना जी रक्ततपासणी लागते तीही वेळेवर होते. ही गोळी गर्भातल्या बाळाच्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवते आणि ते वाढलं की एसचे दोरे कमी बनतात. दुखण्याचे झटके निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकतात.

पहाडावरच्या मुलाच्या गावात उन्हाळ्यात विहीर आटते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि त्या उन्हात आईबरोबर तेही पाण्याला जातं. पाणी जपून प्यायची घरातल्या सगळ्यांना सवय आहे, त्यालाही. रात्री ताप चढला तर सकाळच्या गाडीची वाट पाहावी लागते. गोळी महिनाभराची मिळते, ती संपल्यावर पुन्हा जायचं म्हणजे एका माणसाची मजुरी बुडते. मग गोळीत खंड पडतो.

पाच वर्षांनी एक मूल दहावीत असेल आणि दुसरं वर्षातले कित्येक दिवस खाटेवर. गावात मात्र म्हणतील, "त्याच्या रक्तातच आहे." रक्तात दोघांच्याही तेच आहे.

भारतातल्या सिकलसेलच्या रुग्णांमध्ये गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा बरेचदा जास्त आढळतं आणि त्यामुळे इथला आजार सौम्य असतो, असं पूर्वी सरसकट सांगितलं जायचं. विदर्भातली अनेक लेकरं तरीही गंभीर आजारी पडतात. दर महिन्याला रक्त चढवावं लागणाऱ्या मुलाच्या आईला 'सौम्य' म्हणून धीर देण्यात अर्थ नाही.

मग लग्नाचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त घरांना जाळतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. एएस माणसाने लग्न करू नये, असं कोणतंही शास्त्र सांगत नाही. एएस आणि एए यांचं लग्न झालं तर एसएस मूल होत नाही. फार तर मूल वाहक होईल. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के, एएसची ५० टक्के आणि एएची २५ टक्के. 'प्रत्येक' या शब्दावर जोर आहे. पहिलं मूल एसएस झालं म्हणजे पुढची तीन बिनधोक, हा हिशोब चुकीचा आहे. दर खेपेला शक्यता तीच असते.

एक बारकावा. जोडीदार सिकलचा वाहक नसला तरी थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक असेल, तर मुलाला सिकलसारखाच आजार होऊ शकतो. गावात करतात ती साधी सॉल्युबिलिटी चाचणी थॅलेसेमिया दाखवत नाही. म्हणून लग्नाआधी किंवा निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला एचपीएलसी ही पक्की चाचणी दोघांचीही करून घ्यावी. दोघं वाहक निघाले तर गर्भाची तपासणी तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आसपास करता येते, पण त्यासाठी वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचावं लागतं. आणि मुलीचं कार्ड पाहून स्थळ मोडायचं, मुलाचं कार्ड मात्र कपाटात ठेवायचं, हे चाललं आहे ते थांबायला हवं. जनुक दोघांकडून येतं.

"घराण्याचा वाटा किती टक्के, ते सांगा"

शिकलेली माणसंही हा प्रश्न विचारतात. शुगर ४० टक्के आनुवंशिक की ६०? बीपी किती?

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या शेतात या प्रश्नाचं उत्तर आहे. एकाच दुकानातून, एकाच कंपनीची बियाण्याची बॅग दोन शेतकऱ्यांनी आणली. एकाची काळी भारी जमीन, दुसऱ्याची बरड, मुरमाड. भारीवर बोंडं लदलदली, बरडावर झाड गुडघ्याएवढंच राहिलं. उताऱ्यात जो फरक पडला तो पूर्ण जमिनीचा, कारण बियाणं एकच होतं. आता उलटं करा. एकाच काळ्या वावरात चार वेगवेगळ्या जातींचं बी लावलं. इथे फरक पडेल तो बियाण्याचा, कारण जमीन एकच आहे. मग पऱ्हाटीच्या उताऱ्यात बियाण्याचा वाटा किती टक्के? उत्तर शेतागणिक बदलतं. आणि डवरणी केली नाही, निंदण काढलं नाही, बोंडअळीकडे लक्ष दिलं नाही तर चांगलं बी आणि चांगली जमीन दोन्ही वाया. बियाणं, जमीन आणि मशागत यांची बेरीज होत नसते. एक गोष्ट दुसरीला वाढवते किंवा मारते.

आजाराचंही तसंच. ज्या शहरात सगळ्यांना स्वच्छ पाणी, पोटभर अन्न आणि जवळ दवाखाना मिळतो, तिथे माणसामाणसातला उरलेला फरक बराचसा जनुकांचा दिसेल. ज्या मुलखात एका गावाला नळ आहे आणि दुसऱ्याला नाही, तिथे तोच आजार ठिकाणाचा दिसेल. म्हणून परदेशातल्या अभ्यासातला टक्का उचलून इथल्या माणसाला लावता येत नाही. आणि बरडावरच्या शेतकऱ्याला 'तुलाच कसता येत नाही' म्हणणं जितकं अन्यायाचं, तितकंच पाण्यासाठी कोसभर चालणाऱ्या बाईला 'स्वतःची काळजी घेत नाहीस' म्हणणं अन्यायाचं आहे.

पाण्यातून आलेला आजार

यवतमाळच्या पांढरकवडा भागात, चंद्रपूरच्या वरोरा भागात आणि विदर्भातल्या इतरही कित्येक गावांत जमिनीखालच्या खडकातून पाण्यात फ्लोराइड उतरतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर आधी दातांवर पांढरे, मग पिवळे-तपकिरी पट्टे येतात. पुढे पाठ, मान, गुडघे आखडतात आणि काही जण चाळिशीतच कमरेत वाकतात. हे पट्टे घासून जात नाहीत. कारण ते दातावर बसलेले नसतात, दात हिरडीच्या आत बनत असतानाच पडलेले असतात.

१९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी हातपंप आले. पाण्याची सोय झाली, गढूळ पाण्याचे आजार कमी झाले, हे मोठं काम होतं. पण उथळ विहिरीऐवजी खोल खडकातलं पाणी रोजचं झालं आणि त्याबरोबर काही गावांत फ्लोराइडही आलं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते किंचित वाढतं. तुरटी फिरवून, कापडाने गाळूनही जात नाही.

"मग एकाच हातपंपावरची सगळी पोरं सारखी का वाकत नाहीत?" रास्त शंका आहे. ज्याच्या जेवणात कॅल्शियम कमी, त्याच्या हाडांना फ्लोराइड जास्त छळतं. शरीराच्या जडणघडणीचाही थोडा वाटा असतो. त्यामुळे पहिला उपाय पाणी बदलणं, आणि त्याच्या जोडीला दूध, तीळ, पालेभाज्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधावर फुकट उगवणाऱ्या तरोट्याच्या कोवळ्या पानांत कॅल्शियम चांगलं असतं. ती भाजी गरिबाची म्हणून मुलांच्या ताटातून काढू नये.

अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा वेगळा. तिथे भूजलच खारं आहे आणि किडनीच्या आजाराच्या तक्रारी गावागावांतून येतात. त्यामागे एकच कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. पाण्यातले क्षार, खारं पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून उन्हातल्या कामातही कमी प्यायलेलं पाणी, न तपासलेलं बीपी, न तपासलेली शुगर आणि अंगदुखीवर रोज मेडिकलमधून आणून घेतलेली गोळी, असं सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. यातली शेवटची गोष्ट आजपासून थांबवता येते. दुखण्याच्या अनेक गोळ्या किडनीवर ताण आणतात, आणि अंगात पाणी कमी असताना जास्तच.

"माझे आजोबा खर्रा खाऊन नव्वद वर्षं जगले"

जगले असतील. पण गावातल्या ज्यांचं तोंड पस्तिशीत उघडेनासं झालं आणि पन्नाशीच्या आत जे गेले, ते पारावर बसून आपली गोष्ट सांगायला येत नाहीत. आपल्याला दिसतो तो वाचलेला माणूस.

काहींचं शरीर तंबाखूचं विष लवकर बाहेर टाकतं, पेशीत झालेला बिघाड चांगला दुरुस्त करतं. हा जनुकांचा भाग आहे. आपलं शरीर तसं आहे का, हे खर्रा सुरू करण्याआधी सांगेल अशी कोणतीही तपासणी नाही. खर्ऱ्यात तंबाखू, सुपारी आणि चुना असतो. तंबाखू आणि सुपारी ही दोन्ही कर्करोग करणारी आहेत. तंबाखू काढून नुसती सुपारी चघळणाराही सुटत नाही. गालाची आतली कातडी पांढरी पडून कडक होणं, तिखट सहन न होणं, तोंडात तीन बोटं उभी न मावणं, ही लक्षणं दिसली की दवाखाना गाठायचा.

खर्रा ही सवय, म्हणजे माणसाची स्वतःची जबाबदारी, असं वाटतं. काही अंशी आहेच. पण तंबाखूने भूक मरते, आणि दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या, दुपारची भाकर उशिरा खाणाऱ्या माणसाला ती मेलेली भूक सोयीची वाटते. शाळेसमोर पानठेला आहे की नाही, बाप पोरालाच खर्रा आणायला पाठवतो की नाही, यावर पोराची सवय ठरते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पन्नीत घोटलेला खर्रा चौकाचौकात मिळतो. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियानाने एकेकट्या माणसाला उपदेश करण्याबरोबरच गावाने मिळून दारू-तंबाखूची विक्री बंद करण्यावर भर दिला. मला ही दिशा बरोबर वाटते. गावात मिळतच नसेल तर सोडणाऱ्याचं अर्धं काम सोपं होतं.

"अंगावर मांस नाही, मग शुगर कशी?"

शुगर म्हणजे जाड्या, बसून खाणाऱ्या शहरी माणसाचा आजार, ही समजूत अजून खेड्यात घट्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण वजन इतकं कमी असूनही चरबीचं प्रमाण तसं कमी नव्हतं. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. बाहेरून बारीक, आतून चरबी. अशा शरीराला पुढे थोडंसं वजन वाढलं तरी शुगर गाठते.

म्हणजे माणसाचं पहिलं ठिकाण आईचं पोट. तिथे नऊ महिने काय मिळालं, त्याचा परिणाम चाळिशी-पन्नाशीपर्यंत जातो. अठराव्या वर्षाआधी लग्न झालेली, रक्त कमी असलेली, सोयाबीन सोंगणीपर्यंत वावरात राबलेली मुलगी कमी वजनाच्या बाळाला जन्म देते. पन्नास वर्षांनी त्या बाळाला शुगर निघाली की आपण म्हणतो, गोड खाल्लं असेल, नाहीतर घराण्यात असेल.

"घराण्यातच असेल तर पथ्य करून उपयोग काय?" याचं उत्तर अमेरिकेतल्या पिमा आदिवासींकडे आहे. एकाच वंशाचे हे लोक दोन देशांत राहतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या पिमांपैकी ३८ टक्के प्रौढांना मधुमेह होता, मेक्सिकोच्या डोंगरात शेती करणाऱ्या पिमांपैकी ६.९ टक्क्यांना. ॲरिझोनातले पिमा पूर्वी गिला नदीच्या पाण्यावर शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरच्या अंगाला वसलेल्यांनी ते पाणी वळवलं, शेती गेली आणि पुढे सरकारी शिध्यातला मैदा, चरबी आणि साखर ताटात आली. जनुकं तीच राहिली. नदीचं पाणी गेलं आणि शुगर आली.

आपल्याकडे विदर्भात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. ज्वारी कमी पेरली की भाकरही कमी होते, कडबाही कमी होतो, जनावरं विकली जातात आणि घरचं दूध-ताकही जातं. ताटात रेशनचा तांदूळ-गहू आणि पाच-पाच रुपयांची पाकिटं येतात. एकट्या माणसाच्या जिभेचा हा दोष नाही.

ठिकाण बदलतं का?

"गाव सोडून जायचं का मग?" नाही. गावात काय मिळतं ते बदलता येतं, आणि त्याचा जगाने मान्य केलेला पुरावा विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचं वजन करणं, ते उबदार ठेवणं, पहिल्या तासात दूध पाजवणं, श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणं, जंतुसंसर्ग ओळखून गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. ज्या गावांत हे केलं नव्हतं त्यांच्याशी तुलना केली तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई जन्मलेल्या बाळाच्या घरी भेटी देतात, त्या या पद्धतीवरून.

त्या गावांतल्या लोकांची जनुकं बदलली नव्हती. गरिबी हटली नव्हती. रस्तेही रातोरात झाले नव्हते. दाराशी शिकलेली बाई आली होती.

जनुकांची तपासणी करून घ्यावी का?

सिकलसेल, थॅलेसेमिया यांची तपासणी जरूर करावी. तिथे एकच जनुक पाहायचं असतं आणि उत्तर स्पष्ट येतं. घरात दोन-तीन बायांना कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल तर कर्करोगतज्ज्ञांना तपासणीबद्दल विचारावं. पण 'तुमच्या जनुकांवरून शुगर, हार्ट अटॅक सांगतो' म्हणणाऱ्या हजारो रुपयांच्या खासगी तपासण्यांवर पैसे घालू नयेत. असे आजार शेकडो जनुकांच्या छोट्या-छोट्या परिणामांतून होतात आणि त्यांचे अंदाज बरेचसे युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. त्याच पैशात घरातल्या सगळ्यांची शुगर, बीपी आणि हिमोग्लोबिन कित्येक वर्षं तपासून होईल. सिकलसेल मुळापासून बरा करणारी जनुक उपचारपद्धती २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाली. अमेरिकेत तिची किंमत एका रुग्णाला २२ लाख डॉलर आहे. ती आवाक्यात येईपर्यंत आपल्या लेकरांना नियमित गोळी, लसी आणि पुरेसं पाणी मिळणं हेच औषध.

दवाखान्यात आणि ग्रामसभेत काय विचारायचं

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासण्याचं किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. त्या पाच जणी कोण, किट कुठे आहे आणि आपल्या हातपंपाचा फ्लोराइडचा, क्षारांचा आकडा किती, हे ग्रामसभेत विचारता येतं. कोरडा 'पाणी पिण्यायोग्य' शेरा घेऊन परत फिरू नये, आकडा मागावा.

डॉक्टर विचारतात ते सांगावंच: घरात कोणाला काय आहे, ते कितव्या वर्षी झालं, तंबाखू-दारू किती. न विचारलेलंही सांगावं. पाणी कुठलं पितो, दिवसात किती तास उन्हात असतो, फवारणीला जातो का, दुखण्याची कोणती गोळी किती महिने चालू आहे. सिकलसेलचं कार्ड एएस असलं तरी बाळंतपणाआधी आणि कोणत्याही ऑपरेशनआधी दाखवावं. लग्न होऊन दुसरीकडे आलेल्या बाईने माहेरचं गावही सांगावं, कारण दातांवर फ्लोराइडचे पट्टे पडतात ते पहिल्या सात-आठ वर्षांच्या पाण्याने.